१८६ म्हणजे किती?

मागच्या उन्हाळ्यात मावसभावाने सूरजागडहून मावशीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तो तिथे लोखंडाच्या खाणीत कामाला आहे. मावशीचं पोट महिनाभर फुगलेलं, रात्री बारीक ताप. रिपोर्टमध्ये एकच ओळ ठळक: सीए-१२५, १८६. नॉर्मल ३५ पर्यंत. लॅबवाल्याने कागद हातात दिला, समजावलं कुणीच नाही. मग मी (बीई, कॉम्प्युटर!) गूगल केलं आणि फोनवर सांगून मोकळा झालो, "अंडाशयाचा कॅन्सर दिसतोय."

मावशी म्हणाली, "मग आता नागपूरले जाऊन काय होते बाबू?" आणि आठ दिवस जागची हलली नाही.

चूक माझी होती. मी तो आकडा पास/फेलसारखा वाचला. सीए-१२५ हे एक प्रोटीन आहे. पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास झाला की ते वाढतं. कॅन्सरमध्ये वाढतं, तसंच पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, लिव्हर खराब असताना आणि पोटाच्या टीबीतही वाढतं. उलट पहिल्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या बायकांत ते नॉर्मलच येतं. त्याचा खरा उपयोग कॅन्सर ठरल्यावर, उपचार लागू पडताहेत का ते बघायला.

३५ ची रेघ आली १९८३ मधल्या अभ्यासातून. तिच्या वर निरोगी माणसांतलेही १ टक्का होते. आता गणित करा: लाख निरोगी बायका तपासल्या तर हजार जणींची झोप उडणार, आणि वर्षाला नवा अंडाशयाचा कॅन्सर निघणार दहाएक जणींत. ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांवर हा प्रयोग झाला. २०२१ च्या निकालानुसार अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. तरी आपल्या हेल्थ चेकअप पॅकेजांत 'कॅन्सर मार्कर' असतोच. काही त्रास नसेल तर तो खुशाल खोडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मावशीला मात्र त्रास होता, म्हणून तिचा १८६ दुर्लक्ष करण्यासारखा नव्हताच. तो सांगत होता एवढंच, की पुढे बघा. शेवटी भावाने जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. खनिजाच्या ट्रकांमागून आलापल्ली, मग नागपूर. सोनोग्राफी, पोटातलं पाणी, दुर्बिणीतून घेतलेला तुकडा. निघाला टीबी. सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी, फुकट.

गोळ्या संपल्या. मावशी मला अजून 'डॉक्टरसाहेब' म्हणते, आणि ते कौतुकाने नाही.