न्यायाला तिकीट कुणी लावलं?

मोर्चाला आपण तयार. फिर्याद घेत नाहीत म्हणून पोलीस ठाण्यासमोर ठिय्या मारायलाही तयार. पण बांध कोरला, घराची जागा बळकावली, वहिवाटीची वाट अडवली, की मामला दिवाणी. तिथं घोषणा चालत नाहीत, स्टँप चालतो. दावा खरा की खोटा ते कोर्ट नंतर बघतं. आधी विचारतं, कोर्ट फी भरली का? कमी पडली आणि दिलेल्या मुदतीत पुरी केली नाही, तर दावा दारातच नामंजूर.

ही रीत काय आभाळातनं पडली नाही. १७९५ साली कंपनी सरकारनं बंगालमध्ये दाव्यांवर फी बसवली. का, तर लोक खोटे दावे फार लावतात म्हणे. म्हणजे पैसेवाल्याचा दावा खरा अन् फाटक्याचा खोटा! इंग्रज गेला, स्टँप राहिला. १९५८ साली विधी आयोगानं चौदाव्या अहवालात बजावलं की न्यायदानातून सरकारनं कमाई करू नये. लगेच १९५९ साली मुंबई राज्यानं नवा कोर्ट फी कायदा केला. तोच आज महाराष्ट्राचा. त्यातला हिशेब बघा. दाव्याची रक्कम चढते तसा फीचा टक्का उतरतो, आणि वर पुन्हा कमाल मर्यादा. २०१८ च्या दुरुस्तीनं ती ३ लाखांवरून १० लाख झाली. कोट्यधीशाच्या डोक्यावर छप्पर, आपल्याला उंबऱ्यालाच ठेच.

आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, कोर्ट त्यांचं, आपण कशाला जायचं? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी काय केलं? दिवाणी दावा लावला, बाबासाहेबांना प्रतिवादी केलं, चवदार तळ्यावर मनाई हुकूम आणला. त्या एका कागदानं सत्याग्रह स्थगित करावा लागला. पण बाबासाहेबांनी दावा सोडला नाही. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला, तेव्हाच ते थांबले.

आमच्या वस्तीतल्या एका मावशीनं घरजागेच्या दाव्यासाठी शेळ्या विकून कोर्ट फी भरली. १ ऑक्टोबर १९९४ च्या सरकारी अधिसूचनेनं पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत बाईमाणसाला कोर्ट फी माफ केली. वकील बोलला नाही, कारकून बोलला नाही. मी अधिसूचनेचा कागद पुढं केला तेव्हा कारकून म्हणतो, "भरलीय ना आता, मग झालं की!" झालं? शेळ्या कुणाच्या गेल्या?

म्हणून म्हणतो, कायदा पाठ करा. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, कलम १२. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत विधी सेवा, उत्पन्नाची अट नाही. दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य हवं, एवढंच. नुसता वकील नव्हे, कोर्ट फी अन् समन्सचा खर्चही त्यातच येतो. जातीचा दाखला जोडा आणि तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज टाका.

दुसरं हत्यार, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३३, निर्धनाचा दावा. फी भरण्याइतकी ऐपत नाही असा अर्ज द्यायचा. ऐपत मोजताना जप्तीतून वगळलेल्या वस्तू धरत नाहीत, आणि जिच्यासाठी भांडतोय ती जमीनही धरत नाहीत. विरुद्ध पक्ष म्हणेल, "जमीनदार आहे हा!" तेव्हा हेच तोंडावर मारा. चौकशी रेंगाळली तरी भिऊ नका. मुदतीसाठी अर्जाची तारीखच दाव्याची तारीख. पण एक ध्यानात ठेवा, ही कायमची माफी नव्हे. दावा हरला तर फी भरायचा हुकूम होतो. म्हणून आधी कलम १२, मग आदेश ३३.

दया मागत नाही आपण. गरिबीमुळं कुणी न्यायाला मुकू नये, हे १९७६ पासून घटनेच्या कलम ३९-अ मध्ये लिहिलेलं आहे. मग फीमाफी कारकुनाच्या पोटात का राहते? प्रत्येक कोर्टाच्या दारावर ती मोठ्या मराठी अक्षरांत लागली पाहिजे. ही आपली मागणी. आणि पुढची मागणी, गरिबाच्या दाव्यावरची फी मुळातूनच काढा.

तोवर एकानंही सावकाराच्या पैशानं स्टँप घेऊ नये. प्रत्येक शाखेनं दोन पोरं अर्ज लिहायला तयार करावीत, अन् दर बाजारच्या दिवशी कोर्टाच्या आवारात बसवावीत.

जय भीम!