शेवटचे तीन आऊट

मंडळी, आज बेसबॉल. थांबा, पळू नका! नियमांचं पुराण लावणार नाही, लागेल तेवढंच सांगतो.

पिचर म्हणजे आपला बॉलर. फरक इतकाच की तो षटकागणिक बदलत नाही. एकच माणूस टाकत राहतो, आणि एकदा बाहेर काढला की त्या सामन्यात परत येत नाही. सामना सुरू करणारा तो स्टार्टर. तो दमला किंवा समोरच्यांनी त्याला धुतला, की बुलपेन नावाच्या कोंडवाड्यात हात गरम करत बसलेल्यांपैकी एक जण येतो, तो रिलीव्हर. आणि आघाडी थोडकीच असताना नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात येऊन उरलेले तीन आऊट काढून देतो तो क्लोजर.

आता गंमत अशी की बुलपेन म्हणजे स्टार्टर म्हणून ज्यांचं जमलं नाही त्यांची जागा, असा समज तिथे वर्षानुवर्षं आहे. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे डेव्हलपमेंट आणि सपोर्ट. कँटीनमध्ये "सपोर्टला आहे" म्हटलं की समोरचा असा चेहरा करतो, जणू घरी काही वाईट घडलंय. मी स्वतः दोन वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला आहे, तेव्हा पुढचं सगळं मत पक्षपाती आहे असं खुशाल समजा :)

मारियानो रिवेरा. पनामातल्या पोर्तो काइमितो या मच्छीमारांच्या गावचा. वडील बोटीवर कप्तान, आणि हाही त्याच बोटींवर राबलेला. १९९० साली न्यूयॉर्क यांकीजनी त्याला काही हजार डॉलरांत घेतलं. १९९२ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं. मे १९९५ मध्ये तो वरच्या संघात आला तो स्टार्टर म्हणून, आणि चक्क आपटला. दहा सामने सुरू करायला मिळाले. त्या मोसमात त्याची सरासरी ५.५१ होती, म्हणजे नऊ डावांमागे साडेपाच धावा. साहेबांची रवानगी बुलपेनमध्ये.

तिथे मात्र १९९६ मध्ये त्याने १०७ डावांहून जास्त टाकून १३० फलंदाजांना स्ट्राइकआऊट केलं आणि संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढच्या वर्षी तो क्लोजर झाला. त्याच १९९७ च्या मोसमात सरावाला सहकाऱ्याशी झेलाझेली करताना त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी आपोआप वळायला लागला. हा आणि पिचिंग कोच दोघांनी मिळून तो दोष काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. जाईना. शेवटी म्हणाले, राहू दे. हाच त्याचा जगप्रसिद्ध कटर. बगचं फीचर झालं म्हणून आपण विनोद करतो, या माणसाने त्यावर सोळा वर्षं काढली. डावखुऱ्या फलंदाजाच्या मुठीत घुसणारा तो चेंडू. १९९९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये रायन क्लेस्कोने एका खेपेत तीन बॅटी मोडून घेतल्या. समोरच्याला माहीत असायचं काय येणार आहे, तरी काही करता यायचं नाही.

२०१३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा नावावर ६५२ सेव्ह होते. विक्रम. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला तो ४२५ पैकी ४२५ मतांनी. असं एकमत त्याआधी कुणाच्याच बाबतीत झालं नव्हतं, अगदी बेब रूथच्याही नाही.

इथेच वाद आहे. ग्रेग मॅडक्ससारख्या स्टार्टरने कारकिर्दीत पाच हजारांवर डाव टाकले. रिवेराने जेमतेम १,२८४. चौथाई काम आणि पगडी पूर्ण? शिवाय 'सेव्ह' हा आकडा जेरोम होल्ट्झमन नावाच्या शिकागोच्या पत्रकाराने १९६० च्या सुमारास काढलेला, आणि १९६९ पासून अधिकृत झालेला. तीन धावांची आघाडी असताना शेवटचा एक डाव टाकला तरी सेव्ह मिळतो. तीन धावा हातात आणि फक्त तीन आऊट काढायचे, हे काम बऱ्यापैकी कुणीही बहुतेक वेळा करतोच. खरं सांगायचं तर हा आक्षेप मला पटतो. ६५२ हा आकडा मला फारसा हलवत नाही. ज्यांनी किती तिकिटं बंद केली त्यावर अप्रेझल भोगलंय, त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

माझा आकडा वेगळा आहे. ऑक्टोबरातल्या बाद फेरीच्या सामन्यांत रिवेराने १४१ डाव टाकले, सरासरी ०.७०. सगळ्या मिळून त्याच्या खात्यावर अकरा धावा. चंद्रावर माणसं बारा चालून आलीत, हा अमेरिकनांचा आवडता हिशोब. तिथे समोर निवडक संघ असतात, आणि पुष्कळदा त्याला आठव्या डावातच बोलवायचे, दुप्पट काम. तिथे आकडा फसवायला जागा नाही.

आणि तरीही लोकांना लक्षात काय राहतं? ४ नोव्हेंबर २००१. वर्ल्ड सिरीजचा सातवा, शेवटचा सामना, ॲरिझोनात. यांकीज २-१ ने पुढे. रिवेराने आठव्या डावात तीन जणांना स्ट्राइकआऊट केलं. नवव्यात त्याने स्वतः दुसऱ्या बेसकडे चेंडू वाईट फेकला, मग टोनी वोमॅकच्या फटक्यावर बरोबरी, आणि शेवटी लुईस गोन्झालेसचा मोडक्या बॅटचा एक लेचापेचा फटका आतल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून गेला. खेळ खलास. शंभर रिलीज नीट गेल्या तर कुणी मेल टाकत नाही, एक पडली की व्हाइस प्रेसिडेंटपर्यंत सगळे कॉलवर. क्लोजरचंही तेच.

त्या पराभवाला एक शेपूट आहे. संघातल्या एन्रिके विल्सनचं घरी जायचं तिकीट १२ नोव्हेंबरच्या विमानाचं होतं. हरल्यामुळे विजयाची मिरवणूक निघाली नाही आणि तो आधीच निघून गेला. ते विमान, अमेरिकन एअरलाइन्स ५८७, न्यूयॉर्कमध्ये कोसळलं, आतले सगळे गेले. आपण हरलो हे बरंच झालं, मित्र तरी उरला, असं रिवेरा नंतर म्हणाला. मी यातून नशीबबिशीब काढणार नाही. पण ज्याच्या हातून वर्ल्ड सिरीज गेली तो माणूस हे म्हणू शकतो, याचं मला अप्रूप वाटतं.

आणि हा धंदा किती क्रूर आहे ते बघायचं तर एरिक गान्ये बघा. तोही स्टार्टर म्हणून न जमलेला, डॉजर्सचा. २००२ ते २००४ मध्ये सलग ८४ सेव्ह, एकदाही चूक नाही. २००३ चा साय यंग पुरस्कार. मग कोपर गेलं. पुढच्या दोन मोसमांत मिळून सोळा सामने. २००७ च्या मिचेल अहवालात उत्तेजकांच्या यादीत नाव. २००८ नंतर वरच्या स्तरावर दिसलाच नाही. बहुतेक रिलीव्हरची गोष्ट गान्येच्या जवळची असते, रिवेराच्या नाही. दोन-तीन वर्षं झळकतात, हात संपतो, पुढचा येतो. एवढ्या घाईच्या जागेवर एक माणूस जवळपास त्याच एका चेंडूवर वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत टिकला, म्हणून माझं मत ४२५ वाल्यांच्या बाजूने.

त्याचा शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०१३ ला झाला. यांकीज तेव्हा ४-० ने मागे होते, त्यामुळे सेव्हचा प्रश्नच नव्हता. रिवेरा आठव्या डावात आला, चार फलंदाज आले, चारही आऊट केले. बाहेर काढायला मॅनेजर नाही, जेटर आणि पेटिट हे जुने साथीदार चालत आले. पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला. ते चार आऊट ६५२ मध्ये कुठेच नाहीत.