पडदे अनेक, घर एक

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत एकाच मापाची मूर्ती घडत नाही. घरच्या देव्हाऱ्यासाठी वीतभर, मंडळाच्या मांडवासाठी पुरुषभर उंचीची. गिऱ्हाईक पाहून माल सिद्ध करण्याची ही रीत व्यापारी कुटुंबांना नव्याने सांगावयास नको. दूरचित्रवाणीनेही प्रारंभापासून हीच रीत पत्करली. मात्र तिचा परिणाम पूर्वी एक होता, आज दुसरा आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’, श्रमिकांसाठी ‘कामगार विश्व’, बालकांसाठी ‘किलबिल’, गृहिणींसाठी ‘सुंदर माझं घर’, तरुणांसाठी ‘युवदर्शन’ आणि सर्वांच्या करमणुकीसाठी ‘गजरा’ असे निरनिराळे कार्यक्रम होते. गुजराती भाषकांसाठीही वेगळा वेळ राखलेला असे. परंतु वाहिनी एकच. आपल्या आवडीचा कार्यक्रम येईपर्यंत दुसऱ्याचा पाहावाच लागे. त्यामुळे पेठेतला कापडाचा व्यापारी भातावरील रोगाविषयी ऐके आणि सकाळी पायरीवर आलेल्या शेतकऱ्याशी उधारीपलीकडचे दोन शब्द बोलू शके. आजीला नातवंडांची गाणी ठाऊक असत, नातवंडांना आजीची भजने. जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा तर रविवारी सकाळी शेजारीपाजारी एकाच खोलीत दाटीवाटीने बसत.

२ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी. पुढे बातम्या, खेळ, बालचित्रे, शेअर बाजार, एवढेच नव्हे तर जैन प्रवचने यांच्याही स्वतंत्र वाहिन्या झाल्या. यामागील हिशेब सरळ आहे. जाहिरातदारास केवळ किती जण पाहतात एवढे पुरत नाही. कोण पाहतो, हे त्याला हवे असते. साबणाचा विक्रेता गृहिणी शोधतो, चॉकलेटचा मुलगा शोधतो, दलाली पेढी तरुण शोधते. प्रेक्षक स्वतःस गिऱ्हाईक समजतो; वस्तुतः या व्यवहारात त्याचे लक्ष हाच विक्रीचा माल असतो.

रोह्यातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी याची किंमत मोजावी लागली. चौविहारानंतर आजी प्रवचनाची वाहिनी लावीत, प्रतिक्रमणाहून परतलेल्या सूनबाई मालिका पाहत, वडील दुकान बंद करून बातम्यांपुढे बसत. बी. कॉम. झालेला मुलगा आपल्या खोलीत मोबाईलवर शेअर बाजाराचे कार्यक्रम पाही. मुलगा व्यवसायाचेच काही शिकतो आहे, असे समजून सर्वांना समाधान वाटे. दिवाळीच्या मालाचे पैसे पोहोचले नाहीत, असा निरोप सुरतेहून आला, तेव्हा ती रक्कम ऑप्शन्सच्या सौद्यांत बुडाल्याचे उघड झाले.

मुलगा एकटा नव्हता. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मागील तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. परंतु ही माहिती घरातल्या कोणाच्याच पडद्यावर त्याच्या शेजारी बसून पाहिली गेली नव्हती.

वडिलांचा संताप अनावर झाला. आजी मात्र एवढेच म्हणाल्या, “अरे, तू रोज काय बघतोस, हे आम्ही कधी विचारलंच नाही.”

तोटा मुलाच्या नावे खात्यावर लिहिला गेला. दरमहा त्याच्या पगारातून तो वळता होऊ लागला. त्यासोबत घरात एक नियमही झाला. रात्री नऊनंतर सर्वांचे मोबाईल दुकानाच्या गल्ल्यात, आणि मधल्या खोलीतील संचावर आळीपाळीने एकेकाच्या आवडीचा कार्यक्रम, सर्वांनी मिळून. पहिल्या आठवड्यात सगळेच कंटाळले. दुसऱ्या आठवड्यात वडिलांनी मालिकेतील सासूविषयी मत दिले आणि सूनबाई हसू लागल्या. पुढे मुलाने बाजारातील निर्देशांक म्हणजे काय, हे आजींना समजावले. त्यांनी विचारलेल्या साध्या प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी नव्हती, हे त्याच्याच ध्यानी आले.

अनेकांतवाद हा व्याख्यानमालेपुरता विषय नाही. दुसरा काय पाहतो आणि कोणत्या बाजूने पाहतो, हे त्याच्या शेजारी बसून जाणून घेणे, हे त्याचे घरगुती रूप. चातुर्मासात अनेक कुटुंबे दूरचित्रवाणी वर्ज्य करण्याचा नियम घेतात. तो स्तुत्यच आहे. ज्यांना तो झेपत नाही, त्यांनी भोगोपभोगाच्या परिमाणात एवढे तरी लिहावे: आठवड्यातून एक संध्याकाळ स्वतःच्या आवडीचे काही पाहावयाचे नाही, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारी बसावयाचे. या नियमात भांडवल लागत नाही, आणि बुडीत खात्याची भीतीही नाही.