ट्रेडमिलची चावी कुठे आहे?

परवा चंद्रपूरला दादाकडे गेलो, तर हॉलमध्ये नवी कोरी घडीची ट्रेडमिल! वहिनीचं म्हणणं रास्त आहे: मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि पहाटे फिरायला जावं तर वाघाची धास्ती. २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाने कामगाराचा बळी घेतला, ते कोण विसरेल?

पण मशीन मागून भिंतीला टेकवलेली, प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमधून (अर्थिंगला रामराम!), आणि लाल सेफ्टी की कायमची खोचलेली. घरात चार वर्षांचं पोर. "काढली की हरवते ना," इति दादा.

अरे, पोराला चालू करता येऊ नये म्हणूनच ती काढायची! पेलोटनने २०२१ मध्ये अमेरिकेत ट्रेड प्लस परत मागवली, ती एका मुलाचा जीव गेल्यावर. मागे भिंत असली की पडलेला माणूस पट्ट्यात आणि भिंतीत सापडतो. मागे दोन मीटर मोकळे हवेतच. चावीची क्लिप कपड्याला लावा, पडलात तर पट्टा थांबेल. नंतर चावी कपाटात, प्लग बाहेर, घडीचं लॉक नीट बसलेलं.

ईएमआय परवडतो पण दोन मीटर जागा परवडत नाही? मग मशीनही परवडत नाही. संध्याकाळी गल्लीत फेऱ्या मारा.