घरातला अ‍ॅम्प्लिफायर : वॅट की अक्षर?

श्रावण सरत आला की आमच्याकडे येणाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नांचे स्वरूप पालटते. एरवी मुहूर्त, एखाद्या श्लोकाचा अन्वय, फार तर नातवाच्या मुंजीचा विधी, इतपत विचारणारी मंडळी भाद्रपदाच्या तोंडावर निराळेच विचारू लागतात. "बुवा, देवघरात आरती चालू असता ती घरभर ऐकू यावी, म्हणून चार-सहा स्पीकर बसवायचे आहेत. खर्च बेताचा हवा. अ‍ॅम्प्लिफायर कोणता घ्यावा?" कीर्तनकाराला हा प्रश्न का, असे कोणी म्हणेल. परंतु गेली चाळीस वर्षे आम्ही नारदांच्या गादीवर उभे राहत आलो ते बहुधा कोणाच्या ना कोणाच्या ध्वनिवर्धकासमोरच. ऐन आख्यानात शिट्टी घालणारे कर्णे, 'राम' म्हणावे तर 'आम' ऐकवणारे माइक आणि निरूपण गिळून नुसता घुमार बाहेर टाकणारे स्पीकर, या सर्वांशी आमचा दीर्घ परिचय आहे. तेव्हा याविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे, असे आम्ही समजतो.

आमचे मत असे की, घरासाठी अ‍ॅम्प्लिफायर घेताना खोक्यावरचे वॅट पाहून घेऊ नये. त्यातून अक्षर स्वच्छ उमटते की नाही, आणि जितके स्पीकर जोडावयाचे आहेत तितक्यांचा भार तो सोसतो की नाही, हे पाहून घ्यावा.

मुळात हे स्पीकर कोणासाठी, याचा विचार प्रथम व्हावयास हवा. देवासमोर टाळ घेऊन उभे राहणाऱ्यांना ते लागत नाहीत. ते लागतात जो देवघरापर्यंत येऊ शकत नाही त्याला. मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजी, स्वयंपाकघरात मोदकांचे पात्र उतरविण्यात गुंतलेली सून, माडीवर तापाने निजलेले लेकरू, हे खरे श्रोते. भागवतात प्रल्हादाने सांगितलेल्या नवविध भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे आणि वार्धक्यात पुष्कळांच्या वाट्याला शेवटी तेवढीच एक भक्ती उरते. ती त्यांच्यापर्यंत धड पोचावी, इतकाच या खरेदीचा हेतू असला पाहिजे.

वृद्धांच्या कानाची एक गोष्ट पुष्कळ घरांत ध्यानी घेतली जात नाही. वय वाढते तशी कानाची शक्ती सर्व स्वरांबाबत सारखी घटत नाही. वरच्या पट्टीतले बारीक ध्वनी आधी हरपतात. स, श, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख याच बारीक ध्वनींवर अवलंबून असते. उलट स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. म्हणूनच आजी म्हणतात, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाही." यावर घरातले कर्ते पुरुष काय करतात? आवाज वाढवितात! त्याने स्वर दुणावतात, भिंती घुमू लागतात, व्यंजने होती तेथेच राहतात आणि बिचाऱ्या आजी कानांवर हात ठेवतात. त्यांच्या उशापासून हातभर अंतरावर एक लहानसा, मंद आवाजाचा, स्वच्छ स्पीकर ठेवावा. दिवाणखान्यातल्या प्रचंड पेटाऱ्याने जे होत नाही ते त्याने पुष्कळ अंशी साधते.

आपल्या शास्त्रकारांनी याचा विचार केला नव्हता असे नाही. पाणिनीय शिक्षेत उत्तम पाठकाचे सहा गुण सांगितले आहेत. त्यांत माधुर्य आहे, अक्षरव्यक्ती आहे, पदच्छेद आहे. मोठा आवाज मात्र नाही. त्याच ग्रंथात अल्पकंठ, म्हणजे क्षीण आवाजाचा पाठक, हाही अधमांत गणला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आवाज हवाच, पण पुरेसा. न्यायशास्त्रात शब्द कसा पसरतो हे समजावताना वीचितरंगाचा आणि कदंबाच्या कळ्यांचा असे दोन दृष्टांत देतात. कदंबाचे फूल जसे सर्व बाजूंनी एकदम फुलते तसा शब्द दशदिशांना जातो. आजचे भौतिकशास्त्र त्याला हिशेब जोडते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. सबब, एका ठिकाणाहून ओरडून सांगण्यापेक्षा प्रत्येक श्रोत्याजवळ हळू बोलणे शहाणपणाचे.

आता वॅटविषयी. घरगुती स्पीकरला एक वॅट दिला असता एक मीटरवर साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज निघतो. दोन माणसांचे सामान्य बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे बोलण्याइतक्या आवाजासाठी एक वॅटदेखील फार झाला! टाळ-घंटेचे आघात फुटू नयेत म्हणून काही पट राखीव शक्ती असावी, पण दर बाजूस खरे २० ते ३० वॅट असले की चार-सहा खोल्यांचे घर सुखाने ऐकते. पन्नासाऐवजी शंभर वॅटचा घेतल्याने आवाज दुप्पट होतो, हा समज खोटा. त्याने जेमतेम ३ डेसिबल वाढतात आणि कानाला दुप्पट वाटावयास सुमारे १० लागतात. शिवाय खोक्यावर 'पी.एम.पी.ओ.' म्हणून जे हजार वॅट छापलेले असतात त्यांना काडीचाही अर्थ नाही. 'आर.एम.एस.' हा आकडा तेवढा पाहावा. तोही पटत नसेल तर यंत्राबरोबर आलेला अ‍ॅडॉप्टर उलटून पाहावा. त्यावर १२ व्होल्ट आणि ५ अँपिअर असे लिहिले असेल, तर बारा पंचे साठ. साठ वॅट आत जाताहेत तेथून सहाशे बाहेर कसे येणार? हा गुणाकार घरातले चौथीतले पोरही करील.

खरी अडचण वॅटची नसून ओहमची आहे. तिची गोष्ट अशी. एका टाकीला जितके नळ सोडावे तितके पाणी जोराने ओढले जाते. तद्वत् एकाच बाजूला शेजारी शेजारी जोडलेले स्पीकर वाढले की अ‍ॅम्प्लिफायरमधून अधिकाधिक वीज ओढली जाते. ८ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की भार ४ ओहमचा होतो, चार जोडले की २ ओहमचा. स्वस्तातले बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमपर्यंत सोसतात. त्याखाली गेले की तापतात आणि स्वतः बंद पडतात किंवा कायमचे निवर्ततात.

आमच्या आळीतील एका घरी गेल्या वर्षी हेच घडले. हजार वॅटचे खोके, त्याला ४ ओहमचे चार स्पीकर, दर बाजूस दोन. म्हणजे भार २ ओहम. चतुर्थीला तिसऱ्या आरतीशीच यंत्राने मौन धरले. दुकानदाराने याहून मोठा घ्या म्हणून सांगितले, आणि ते कुटुंब पैसे मोजावयास निघालेही होते. सुदैवाने गावातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने तारा पाहिल्या आणि दर बाजूचे दोन स्पीकर एकामागून एक, मालिकेत जोडून दिले. ४ आणि ४ मिळून ८. तेच यंत्र अनंत चतुर्दशीपर्यंत कुरकुर न करता चालले. असे जोडावयाचे तर दोन्ही स्पीकर एकाच जातीचे असावेत, आणि एकाची तार सुटली की दुसराही मुका होतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

तेव्हा चार स्पीकरांपर्यंतचे घर असेल तर ४ ओहमचा भार सोसणारा, 'क्लास-डी' जातीचा लहान अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. तो फारसा तापत नाही, वीज कमी खातो आणि खिशाला झेपतो. स्पीकर ८ ओहमचे घ्यावेत, दर बाजूस दोन. तारेत काटकसर करू नये. दिव्यांच्या वायरिंगला वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार येथे योग्य. आणि दोन्ही बाजूंना एकच आवाज जाईल, म्हणजे 'मोनो' राहील, अशी सोय अवश्य पाहावी. स्टीरिओच्या हौसेने स्वयंपाकघरात डावी बाजू आणि माजघरात उजवी गेली, तर कोठे नुसती पेटी ऐकू येते आणि कोठे नुसते झांज!

वाडा मोठा असेल, खोल्या पाच-सहा किंवा अधिक असतील, तर आमचा कौल शाळांतून व दुकानांतून असतो त्या १०० व्होल्ट लाइनच्या अ‍ॅम्प्लिफायरला. यात प्रत्येक स्पीकरपाशी एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो आणि कोणाला किती वॅट द्यावयाचे ते तेथेच ठरविता येते. ओहमचे त्रैराशिक उरतच नाही, नुसती बेरीज करावी. पाच खोल्यांना तीन-तीन आणि ओसरीला सहा, असे एकवीस वॅट झाले, तर तीस वॅटचे यंत्र पुरे. संगीताचे सारे बारकावे त्यातून उतरत नाहीत हे खरे, पण पोथीसाठी, आरतीसाठी ते उत्तम. माइकची जागाही त्यात असतेच. मात्र साधा ८ ओहमचा स्पीकर त्या १०० व्होल्टच्या टोकांना थेट जोडला तर तो जळेल, आणि त्या उघड्या टोकांना हात लागला तर झटकाही बसेल. ते काम वायरमनकडूनच करवून घ्यावे.

तरुण मंडळी म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, प्रत्येक खोलीत ब्लूटूथचा स्पीकर ठेवू. ठेवा, पण आरतीसाठी नको. त्यात आवाज पोचावयास सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. दशांश सेकंदात ध्वनी हवेतून सुमारे ३४ मीटर जातो. म्हणजे देवघरातली टाळी शेजारच्या खोलीत जणू नदीपलीकडून आल्यासारखी मागाहून ऐकू येते. दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाने ठेका कोणता धरावा?

माइक लावणार असाल तर तो स्पीकर असलेल्या खोलीत ठेवू नये, नाही तर शिट्टी ठरलेली. देवघरात माइक, बाकी घरात स्पीकर, अशी वाटणी करावी. टाळ आणि घंटा माइकपासून दूर ठेवाव्यात. आणि हल्ली स्वस्त यंत्रांवर 'एको' नावाची एक कळ असते, ती शून्यावर आणून वर चिकटपट्टी लावून टाकावी, ही आमची हात जोडून विनंती आहे. अथर्वशीर्षाचे प्रत्येक पद त्या एकोमुळे पुढच्या पदावर जाऊन बसते. ज्याने ही कळ काढली त्याने संहितापाठ व पदपाठ यांचे वैर तरी कधी ऐकले असावे!

घराबाहेरही कान आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर तीहून ५ डेसिबलपेक्षा अधिक भरता कामा नये. प्रत्येक खोलीत मंद स्पीकर असलेल्या घराला या नियमाची आठवण बहुधा करून द्यावी लागत नाही. शेजारी परीक्षेचा विद्यार्थी किंवा बाळंतीण असेल तर खिडक्या लावून घेण्याचे सौजन्य मात्र दाखवावे.

खरेदी चतुर्थीच्या आदल्या दिवशी करू नये. आठवडाभर आधी आणून जोडावे. एकाने देवघरात बसून पोथीचे एखादे अपरिचित पान सावकाश वाचावे, आणि दुसऱ्याने आजींजवळ बसून, काय ऐकू आले ते त्यांना परत म्हणावयास सांगावे. ओळखीची आरती यासाठी चालणार नाही, ती त्या न ऐकताही म्हणतील. शब्द चुकत असतील तर आवाजाला हात न लावता खर्जाची कळ थोडी उतरवून पाहावी.

तारा नेताना त्या पाइपातून न्याव्यात. माळ्यावर उघड्या टाकलेल्या तारा कुरतडल्या जातात. ज्याच्या उत्सवासाठी हे सारे चालले आहे, त्याच्याच वाहनाचे ते काम असल्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?