ब्रेक ‘फेल’ होण्याआधी तापतो

कसारा घाटात मालट्रक उलटला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘ब्रेक फेल झाल्याने’ हे शब्द बहुतेक वेळा ठरलेले असतात. एखादा भाग तुटला होता, की सगळे भाग शाबूत असूनही ब्रेक तापून निकामी झाला होता, हे मात्र क्वचितच विचारले जाते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना सुमारे ३०० मीटर उंची कमी होते. २५ टनांचा ट्रक तेवढा खाली आला, की सात कोटी ज्यूलहून अधिक ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साधारण २३० लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी ही उष्णता. थोडी हवा आणि टायर घेतात, इंजिनाला घेऊ दिली तर बरीच इंजिन घेते. उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्याला येते.

शर्यतीच्या मोटारीत हाच हिशेब काही सेकंदांत मांडावा लागतो. फॉर्म्युला वनच्या गाडीच्या कार्बनच्या चकत्या हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापतात, तरी पुढच्या वळणाला पुन्हा पकडतात. त्याचे श्रेय कार्बनइतकेच वाऱ्याला आहे. चाकाजवळच्या नळीतून वारा थेट चकतीच्या मध्याशी आणतात आणि चकतीच्या जाडीत पाडलेल्या हजाराहून अधिक छिद्रांतून तो बाहेर फेकला जातो. साध्या मोटारीच्या पोकळ चकतीतही तेच तत्त्व असते. चाकाबरोबर फिरणारा पंखाच तो. पंखा असल्यामुळे गाडी जितकी सावकाश, तितका वारा कमी.

घाटातल्या ट्रकची पंचाईत नेमकी इथे आहे. वेग कमी, म्हणून वारा कमी. आणि पाय मात्र वीस-वीस मिनिटे ब्रेकवर. आपल्याकडे बहुतेक ट्रकना अजून ड्रम ब्रेक असतात. त्यात उष्णता डब्यात कोंडल्यासारखी साचते. तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो, लायनरची पकडही उष्णतेने घटते. चालक आणखी जोरात दाबतो, पण ट्रक थांबत नाही. मोटारींत वेगळा धोका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा मुरलेल्या तेलाला १४० अंशांची मुभा आहे. तेल उकळले, की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. वणीच्या गडावर जाणाऱ्या किती मोटारींचे तेल वेळेवर बदललेले असते?

डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरणे हा तर शुद्ध तोट्याचा व्यवहार. आजच्या बहुतेक इंजिनांत गिअर टाकून, ॲक्सिलरेटर सोडून उतरले तर इंधनपुरवठा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागते. ‘ज्या गिअरमध्ये चढतो त्यातच उतरा’ हा जुन्या चालकांचा नियमही आता अपुरा आहे, कारण नवी ताकदवान इंजिने वरच्या गिअरमध्येही चढून जातात. उतरताना त्याहून खालचा गिअर हवा.

रेल्वेने हा घाट १८६५ मध्ये ओलांडला. ३७ फुटांना एक फूट असा तिथला चढ आहे. तो उतरताना विजेची इंजिने मोटरचेच जनित्र करून वीज तारेत परत पाठवतात. म्हणजे ब्रेकवर येणारी उष्णता मुळात कमीच होते. गाडी उतरवण्याची शिस्त ही रेल्वेत यंत्रणेची जबाबदारी आहे. रस्त्यावर ती एकट्या चालकावर सोडून दिलेली दिसते आणि अपघातानंतर गुन्हाही त्याच्यावरच नोंदवला जातो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि बोगद्यामुळे घाट टाळता येऊ लागला. पण जुना रस्ता ओस पडलेला नाही. घाटाच्या तोंडाशी अवजड वाहनांना सक्तीचा थांबा, ‘सावकाश चालवा’ऐवजी गिअर सांगणारे फलक आणि चाकावर रोखायचा साधा इन्फ्रारेड तापमापक, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. २०२७ च्या सिंहस्थाला भाविकांनी भरलेल्या बसगाड्या मुंबईकडे परतताना हाच उतार उतरतील आणि त्यांतल्या कित्येकांचे चालक हा घाट पहिल्यांदाच पाहत असतील.