आधी अन्नाची कैफियत ऐका

अपत्यहीनतेवर इलाज शोधीत आलेल्या स्त्रीच्या केसपेपरवर तिचे वय, लग्नाची वर्षे, पाळीच्या तारखा, सोनोग्राफीचा तपशील आणि पतीच्या वीर्यतपासणीचा अहवाल यथासांग नोंदला जातो; परंतु ती जेवते किती, आणि जेवल्यावर मुद्दाम ओकून टाकते की काय, यासाठी त्या दफ्तरात बहुधा रकानाच नसतो. १९९० साली टोरांटोच्या संशोधकांनी वंध्यत्व-चिकित्सेसाठी आलेल्या ६६ स्त्रियांची या दृष्टीने चौकशी केली, तेव्हा सुमारे सहांतील एकीला आहारविकार असल्याचे, आणि ज्यांची पाळी बंद वा अनियमित होती त्यांच्यात हे प्रमाण निम्म्याहून अधिक असल्याचे आढळले.

यात गूढ काही नाही. अन्नाची ददात भासू लागली की मेंदूतून बीजांडकोशाकडे जाणारी संप्रेरकांची आज्ञा क्षीण होते आणि बीजविमोचन थांबते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँडची उपासमार झाली, त्यानंतर नऊ महिन्यांनी तेथील जन्मसंख्या कोसळली. शत्रूने लादलेली उपासमार आणि आरशाच्या धाकाने मुलीने स्वतःवर लादून घेतलेली उपासमार यांत बीजांडकोश भेद करीत नाही.

आपल्याकडे तर सोमवार, गुरुवार, चतुर्थी अशा उपवासांच्या आड हा विकार सहज लपतो. लग्न ठरेपर्यंत 'जरा बारीक हो' म्हणणारी वडीलधारी मंडळीच वर्ष उलटताच 'गोड बातमी केव्हा?' असे विचारू लागतात. पीसीओडी (बीजांडकोशाचा संप्रेरकविकार) असलेल्या मुलीस 'वजन उतरवा' एवढेच फर्मान सुटते, आणि कडक उपास व अनावर खाणे यांच्या फेऱ्यात ती अधिकच गुरफटते.

इंजेक्शनांनी बीज पिकविता येते, हे खरे. पण कुपोषित देहात गर्भ राहिला तर अकाली प्रसूतीचा आणि कमी वजनाच्या बालकाचा धोका वाढतो, आणि मूळ व्याधी तशीच राहते. उलट आहार व वजन सावरल्यावर अनेकींची पाळी विनाइंजेक्शन परतते. प्रत्येक वंध्यत्वाचे मूळ ताटात नसते, पुष्कळदा दोष पुरुषाकडेही असतो. म्हणून ही चौकशी सासूसमक्ष नव्हे, एकांतात आणि दोषारोपाविना व्हावी. २०२१ च्या कायद्याने कृत्रिम गर्भधारणेच्या केंद्रांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकलीच आहे. त्यातच आहाराच्या चौकशीचा एक रकाना घालून, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांच्याकडे पाठविण्याची तजवीज शासनाने करावी; लाखांच्या खर्चाच्या उपचारापूर्वी 'किती जेवता?' आणि 'ओकून टाकता का?' हे दोन प्रश्न विचारण्यास एक पैसाही लागत नाही.